अर्बुद आणि त्याची भूमी

कर्करोग म्हणजे बेबंद वाढणाऱ्या पेशींचा समूह, एवढेच मानले तर यकृताच्या कर्करोगाचे स्वरूप पुरते उमगत नाही. इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी अभ्यासून असे प्रतिपादन केले की, रोगपेशी हे बीज होय व ते अनुकूल भूमीतच रुजते. पॅजेट यांचा विचार रोगाच्या फैलावाविषयी होता. परंतु यकृतात मूळ धरणाऱ्या कर्करोगालाही तो लागू पडतो.

येथे भूमी बहुधा आधीच बिघडलेली असते. निरोगी यकृतातील ताराकृती पेशी 'अ' जीवनसत्त्वाचा साठा सांभाळतात. 'ब' व 'क' प्रकारच्या काविळीचे विषाणू, मद्य किंवा साचलेला मेद यांमुळे दाह वर्षानुवर्षे चालू राहिला, की याच पेशी तो साठा गमावून तंतू विणू लागतात. यकृत कठीण होते. पुढे वाढत्या अर्बुदात प्राणवायूची टंचाई भासते, आणि तेथील पेशी नव्या रक्तवाहिन्यांना फूट आणणारी प्रथिने स्रवू लागतात.

यकृताची सहिष्णुताही अर्बुदाच्या पथ्यावर पडते. आतड्यांकडून येणाऱ्या रक्तात अन्नातील परकी द्रव्ये असतात. त्या प्रत्येकावर हल्ला चढविल्यास यकृतच जायबंदी होईल. म्हणून तेथील संरक्षक पेशी संयम पाळतात, आणि अर्बुद त्या संयमाच्या आडोशाने वाढते. त्यात मारक लसिकापेशी मोठ्या संख्येने शिरल्या असतील, तर रुग्णाचे भवितव्य सामान्यतः अधिक आशादायक असते; त्यांना आवरणाऱ्या नियामक पेशी वरचढ असतील, तर रोग लवकर उलटतो.

शस्त्रक्रियेने गाठ निघते, पण भूमी तीच राहते. त्यामुळे पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांत रोग पुन्हा उद्भवतो. यकृताच्या प्रतिरोपणाने भूमीही बदलते. मिलान येथील शल्यविशारदांनी १९९६ मध्ये पाच सेंटिमीटरपर्यंतची एक, किंवा प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंतच्या तीन गाठी, अशी मर्यादा घातली. अशा रुग्णांपैकी सुमारे ७५ टक्के चार वर्षांनंतर हयात होते. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे व लसिकापेशींचा लगाम सैल करणारे औषध एकत्र दिल्यास, वाढलेल्या रोगातही वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण ५५ वरून ६७ टक्क्यांवर जाते, असे २०२० मध्ये दिसून आले.

तथापि, भूमी बिघडूच न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. भारतात 'ब' काविळीची लस २०११ पर्यंत देशभरच्या लसीकरण कार्यक्रमात आली. तिची पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यावयाची असते.