दुपारी दोनची शाळा

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, एक शाळा सुरू झाली. पटावर सुमारे तीस नावं, आणि ती सगळी साठीच्या पुढच्या बायकांची. सर्वांत थोरली विद्यार्थिनी नव्वदीच्या घरातली. गणवेश म्हणून गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, दप्तरात पाटी. ‘आजीबाईंची शाळा’ हेच नाव पडलं आणि याच नावाने ती जगभर पोचली.

फांगणे मुंबईहून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. भातशेतीवर जगणाऱ्या या लहानशा गावातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत योगेंद्र बांगर शिक्षक होते. शिवजयंतीच्या निमित्ताने गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी त्यांच्यापाशी मनातली सल बोलून दाखवली: बाकीचे पोथी वाचतात, आपल्याला मात्र नुसतं ऐकत बसावं लागतं. बांगर गुरुजींनी ते बोलणं मनावर घेतलं. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने पाट्या, दप्तरं, लुगडी आणि फळ्याचा खर्च उचलला. बांबूची, गवताने शाकारलेली एक खोली उभी राहिली. शिकवायला गावातलीच, दहावीपर्यंत शिकलेली एक सून पुढे आली. तिच्या वर्गात तिची सासूही पाटी घेऊन बसली.

या बायका लहानपणी शाळेत का गेल्या नाहीत, हे त्यांच्या वयावरून कळतं. त्यांचा जन्म साधारण १९२६ ते १९५६ या काळातला. १९५१च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांमागे नऊ बायकासुद्धा साक्षर नव्हत्या. मुंबई प्रांताने प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारा कायदा १९४७मध्ये केला खरा, पण कायदा झाला म्हणून डोंगराकडच्या प्रत्येक वाडीत शाळा निघाली नाही. जिल्हा परिषदा स्थापन झाल्या त्या १९६२मध्ये. तोवर यांच्यातल्या थोरल्या लेकुरवाळ्या झाल्या होत्या आणि धाकट्यांच्या कडेवर भावंडं होती. घरात एकाच पोराची फी-पुस्तकं परवडणार असतील, तर ते पोर म्हणजे मुलगा, हे बहुतेक घरांनी धरूनच ठेवलेलं होतं.

पुढे २००९मध्ये शिक्षणाचा हक्क कायद्यात आला. पण तो आहे सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी. ज्यांचं ते वय गुरं राखण्यात आणि पाणी भरण्यात सरलं, त्यांचं राहून गेलेलं शिक्षण कुणी द्यायचं, याचं उत्तर त्या कायद्यात नाही. फांगण्याने ते आपल्यापुरतं शोधलं.

अक्षरओळख नव्हती म्हणून या पिढीकडे काही नव्हतं, असं मुळीच नाही. सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यात, हेमा राईरकर आणि गी पॉतवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, आणि पुढे राज्यभरातून जमलेला हा संग्रह एक लाखाच्या वर गेला. या ओव्या सांगणाऱ्या बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. स्मरणशक्ती, लय, शब्दांची निवड हे सगळं या बायकांपाशी होतंच. नव्हती ती फक्त पाटी.

फांगण्याच्या शाळेची वेळ दुपारी दोन ते चार. सकाळी चूल, गुरं आणि शेत, संध्याकाळी पुन्हा चूल. मधले दोन तास काय ते मोकळे, तेच शाळेने घेतले. प्रार्थना होते, मग बाराखडी, अंक, बेरीज-वजाबाकी, बालगीतं. सुरुवात स्वतःच्या नावापासून. साठ वर्षं खुरपं आणि कोयता धरलेल्या बोटांना पेन्सिल धरणं सोपं नसतं. कुणाला नीट दिसत नाही, कुणाला ऐकू कमी येतं, काल गिरवलेलं अक्षर आज आठवत नाही. तेव्हा तेच अक्षर पुन्हा घ्यायचं, न रागावता. इथे कुणी मागे पडत नाही, कारण वर्गाला कुठे धावत पोचायचंच नाही. शाळेच्या आवारात प्रत्येकीच्या नावाचं एक झाड आहे आणि ते जगवणं हाही अभ्यासाचाच भाग.

गणवेशाचा रंगही बोलका आहे. नवरा गेल्यावर बाईने फिकट नेसायचं, ही खेड्यापाड्यात खोल रुजलेली रूढी. या शाळेत सवाष्ण आणि विधवा असा भेद नाही, सगळ्यांना गुलाबीच.

‘आता या वयात शिकून काय करायचंय?’ हा प्रश्न अशा शाळेला विचारला जातोच. आपल्याकडे शिक्षणाचं मोजमाप नोकरीने आणि पगाराने होतं, म्हणून तो सुचतो. फांगण्यातल्या विद्यार्थिनींना नोकरी करायची नव्हती. बँकेत शाईच्या पॅडवर अंगठा टेकवताना खाली जाणारी मान त्यांना वर उचलायची होती. निराधार अनुदानाच्या कागदावर काय लिहिलंय, एसटीची पाटी कुठल्या गावाची आहे, हे दुसऱ्याला न विचारता कळायला हवं होतं. शाळा सुरू झाली त्याच वर्षी, डिसेंबर २०१६मध्ये, मुरबाड तालुक्यातलंच धसई हे राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं आणि तिथल्या दुकानांत कार्डाची यंत्रं आली. ज्या तालुक्यात पैशाचे व्यवहार यंत्रावर जाऊ लागले, तिथे आकडा ओळखता येणं ही आजीबाईंची रोजची गरज होती.

शाळेने घरातली नातीही थोडी हलवली. नातवंडं आजीला शाळेत सोडायला येऊ लागली, घरी तिचा अभ्यास घेऊ लागली. सासूने सुनेकडून शिकायचं, तिचं ऐकायचं, चुकलं तर पुसून पुन्हा लिहायचं, हे त्या वर्गात रोज घडू लागलं. २०१७मध्ये रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दिकी यांनी हे सगळं टिपलं आणि गुलाबी लुगड्यांतल्या या विद्यार्थिनी देशोदेशीच्या वाचकांसमोर गेल्या.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५मध्ये पुण्यात कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली होती. दिवसभर राबणाऱ्यांना दिवसा शाळा परवडत नाही, म्हणून शाळेनेच आपली वेळ बदलली. फांगण्यानेही तेच केलं.

आज पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी केंद्राचा २०२२ ते २०२७ असा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे आणि त्याची सगळी भिस्त स्वयंसेवकांवर आहे. मुरबाड आणि शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर दहावी-बारावी झालेल्या सुना आज अनेक घरांत आहेत आणि अंगठा उठवणाऱ्या सासवाही आहेत. फांगण्यात अशा सासू-सुनांना एकत्र बसवायला लागली ती एक खोली, एक फळा, तीसेक पाट्या आणि दुपारचे दोन तास. एवढं उभं करणं कुठल्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं आहे, आणि उशीर केला तर शिकणाऱ्याच उरणार नाहीत, म्हणून ते याच वर्षी व्हायला हवं.