घडीच्या सायकलीतलं पाच फुटी चाक

साताऱ्याहून एका निवृत्त गृहस्थांचं पत्र आलं आहे. मुलगा पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट चिमुकली आहे, स्वतःचा मुक्काम कधी इथे कधी तिथे, आणि त्यांना घडीची सायकल घ्यायची आहे. बजेट वीस हजारांच्या आतलं. दुकानदार म्हणतो, डोळे मिटून घ्या. शेजारचे काका म्हणतात, "अहो, एवढंसं चाक! मोठं चाक एकदा फिरेल तोवर हे दोनदा फिरवावं लागेल. पायांचा भुगा होईल." पत्रातला प्रश्न एका ओळीचा आहे: दोघांपैकी बरोबर कोण?

काका बरोबर आहेत, फक्त त्यांना बोलायला जवळजवळ दीडशे वर्षं उशीर झाला. 1870 च्या दशकात इंग्लंडच्या रस्त्यांवर पुढे अवाढव्य आणि मागे इवलंसं चाक असलेली पेनी-फार्दिंग सायकल धावत होती. तिचं पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेलं असे. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, मध्ये चेन नाही की दाते नाहीत. वेग हवा तर चाक वाढवा, एवढाच उपाय. मग चाक वाढत गेलं ते माणसाचे पाय पुरेनासे होईपर्यंत, म्हणजे 50 ते 60 इंचांपर्यंत. उंच माणसाला मोठं चाक झेपे, म्हणून उंच माणूस जोरात जाई. काकांचं गणित त्या सायकलीला तंतोतंत लागू पडतं.

1885 मध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली. मागच्या चाकाला चेन, पुढे मोठं चेनव्हील, मागे लहान. पायाचा एक फेरा आणि चाकाचा एक फेरा यांची गाठ तिथे सुटली. सायकलस्वारांची मोजायची सवय मात्र सुटली नाही. तुमची नवी सायकल किती इंची पेनी-फार्दिंगच्या बरोबरीची आहे, असाच हिशेब ते करत राहिले. इंग्रजी मुलखात गिअर आजही इंचांत सांगतात तो यामुळेच.

या लेखासाठी म्हणून (घरी तरी हेच कारण सांगितलं आहे) मी स्वस्तातली एक घडीची सायकल घेतली. चाक 20 इंची. पुढच्या चेनव्हीलला 48 दाते, मागच्या फ्रीव्हीलला 16. भागाकार 3. आता 20 गुणिले 3 म्हणजे 60 इंच, पुरे पाच फूट! चांगल्या उंचीच्या माणसालाही चढायला शिडी लागली असती असं चाक मी काखोटीला मारून लिफ्टमधून नेतो आणि सोसायटीतल्या कुणाला पत्ता लागत नाही. चेनचं सगळं थोरपण मला या एका भागाकारात दिसतं.

मीटरमध्ये बोलायचं तर 20 इंची चाकाचा घेर साधारण दीड मीटर, म्हणून पायडलच्या एका फेऱ्यात मी साडेचार मीटर पुढे जातो. घरात वडिलांच्या वेळची 28 इंची काळी सायकल आहे. तिचे दाते मोजले: 44 आणि 18. चाकाचा घेर 2.2 मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे 5.4 मीटर. मिनिटाला 60 फेरे मारले तर काळी सायकल ताशी 19 किलोमीटरच्या पुढे जाते, माझी 16 वर राहते. काकांना दिसलेला फरक खरा आहे, पण तो भुगा होण्याइतका नाही. शिवाय दोष दात्यांचा आणि शिक्षा चाकाला असा हा प्रकार आहे. पुढे 52 दात्यांचं चेनव्हील बसवलं आणि चेन थोडी वाढवली की एका फेऱ्याचं अंतर 4.9 मीटरवर जातं. साताऱ्यातले चढ बघता पत्रलेखकांनी मात्र 48 च ठेवावेत. चढाला कमी अंतर म्हणजे पायांवर कमी जोर.

मग छोट्या चाकात काहीच तोटा नाही? आहे, पण तो टायरमध्ये आहे. समजा माणूस, सायकल आणि पिशवी मिळून 90 किलो झाले आणि त्यातले 55 किलो मागच्या चाकावर पडले. टायरमध्ये 50 पीएसआय हवा असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण साडेतीन किलो दाब, तर तेवढं वजन पेलायला टायरचा सुमारे 16 चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकावा लागतो. चाक लहान असो वा मोठं, हा आकडा तोच. पण लहान चाकाची गोलाई जास्त, त्यामुळे तेवढं क्षेत्र टेकवायला त्याचं रबर जास्त खोल दबावं लागतं. दबलेलं रबर परत उसळताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, थोडी उष्णता म्हणून खाऊन टाकतं. प्रत्येक फेऱ्यात, प्रत्येक इंचाला ही कटकट चालू असते. उतारा सोपा आहे: हवा. टायर कडक करा, दबणं कमी होतं. दुकानातून सायकल बाहेर येते तेव्हा टायर बऱ्याचदा अर्धमेले असतात आणि गिऱ्हाईक पहिल्या फेरीतच "जड चालते" म्हणून नाक मुरडतं. टायरच्या कडेला कमाल दाब लिहिलेला असतो. तो वाचून, त्याच्या जरा खाली हवा भरून मग फेरी मारावी.

हे सगळं नीट तपासून बघणारा माणूस म्हणजे ॲलेक्स मोल्टन, आणि त्याच्याबद्दल थोडं विस्ताराने लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. घडीच्या सायकलीचा विषय निघाला की लोक ब्रॉम्प्टनचं कौतुक करतात. ती आहेच कौतुकाची आणि आपल्याकडे तिची किंमत लाखाच्या पुढे आहे. मोल्टनचं नाव फारसं कुणी काढत नाही.

मोल्टन घराण्याच्या रक्तात रबर होतं. पणजोबा स्टीफन मोल्टन यांनी 1840 च्या दशकात अमेरिकेतून चार्ल्स गुडइयरच्या व्हल्कनाइज्ड रबराचे नमुने इंग्लंडात आणले आणि पुढे ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावात रबराचा कारखाना थाटला. पणतू इंजिनिअर झाला आणि ॲलेक इसिगोनिसच्या मिनी मोटारीसाठी त्याने स्प्रिंगांऐवजी रबराचं सस्पेन्शन तयार केलं. 1959 मध्ये आलेल्या त्या मोटारीची चाकं जेमतेम 10 इंची होती. लहान चाक जागा वाचवतं. त्याचे धक्के रबराने गिळायचे. हीच युक्ती सायकलला का नको? 1956 च्या सुएझ प्रकरणात ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हापासून त्याच्या डोक्यात सायकल घोळत होतीच.

1962 मध्ये मोल्टन सायकल आली. 16 इंची चाकं, पुढेमागे रबराचं सस्पेन्शन आणि, सगळ्यात महत्त्वाचं, अरुंद आणि भरपूर हवेचे टायर. लहान चाकाची उणीव हवेच्या दाबाने भरून काढायची, आणि कडक टायरमुळे जे धक्के बसतील ते सस्पेन्शनने. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तरच गणित जुळतं. त्याच डिसेंबरात जॉन वुडबर्न या शर्यतवीराने मोल्टनवर बसून कार्डिफ ते लंडन हे 162 मैलांचं अंतर पावणेसात तासांच्या आत कापलं आणि विक्रम मोडला. "एवढंसं चाक" म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर काय द्यायचं?

पण राले या बलाढ्य कंपनीने आधी मोल्टनच्या कल्पनेला नकार दिला आणि ती खपते आहे असं दिसल्यावर 1965 मध्ये स्वतःची आरएसडब्ल्यू-16 काढली. चाकं तितकीच लहान, सस्पेन्शन नाही. धक्के कमी करायला टायर जाडजूड आणि कमी हवेचे. म्हणजे मोल्टनने टायरमधून जी ऊर्जा वाचवली होती ती रालेने परत टायरातच ओतली. सायकल दिसायला तशीच, चालायला सुस्त. 1967 मध्ये रालेने मोल्टनचा सायकल-व्यवसायच विकत घेतला. लहान चाक म्हणजे जड, हा समज त्या काळात घट्ट करण्यात या नकलेचा मोठा हात आहे असं माझं मत आहे. आज दुकानांत दिसणाऱ्या बहुतेक स्वस्त घडीच्या सायकली याच नकलेच्या वारस आहेत. चाक मोल्टनकडून, टायर रालेकडून. तेवढी हवा वाढवण्याचं स्वातंत्र्य आपल्या हाती असतं, एवढंच.

त्या स्वातंत्र्यालाही आपल्या रस्त्यांची मर्यादा आहे. फूटभर रुंदीचा, 30 सेंटिमीटरचा खड्डा घ्या. पायथागोरसच्या प्रमेयाने काढलं तर 25 सेंटिमीटर त्रिज्येचं चाक त्यात 5 सेंटिमीटर खाली जातं, 34 सेंटिमीटर त्रिज्येचं साडेतीन. दीड सेंटिमीटरचा हा फरक आकड्यात किरकोळ दिसतो, कमरेला दिसत नाही. बैलगाडीचं चाक छातीला लागेल एवढं उंच असायचं ते चाकोऱ्या आणि दगडगोटे ओलांडण्यासाठीच. माझ्या रोजच्या रस्त्यावर ड्रेनेजचं एक झाकण रस्त्यापेक्षा खाली बसलं आहे. काळ्या सायकलीवर ते नुसतं जाणवतं. घडीच्या सायकलीवर तिथे सीटवरून उठून पायडलवर उभं राहावं लागतं, आणि तरीही सीटचा लांबलचक दांडा मागे झुकून परत येतो ते कळतं. पावसाळ्यात पाणी भरलेला खड्डा मी या सायकलीने ओलांडत नाही, उतरतो.

नवख्याला दुसरी भीती वाटते ती हँडलची. हात जरा हलला की सायकल वळते. कारण असं की पुढच्या फोर्कचा अक्ष जमिनीला जिथे भिडतो, त्याच्या किंचित मागे टायर टेकतो, आणि हे "मागे असणं" हँडलला सरळ ठेवायला मदत करतं. चाक लहान केलं आणि फोर्क तसाच ठेवला तर ही मागची ओढ घटते. फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा परिणामही लहान, हलक्या चाकात कमी. तोल त्या भोवऱ्यामुळेच राहतो असं शाळेत सांगितलं जातं, ते अर्धवट आहे. डेव्हिड जोन्स हा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ कुणालाच चालवता येणार नाही अशी सायकल बनवायला बसला होता. एका सायकलीला त्याने जादा उलटं फिरणारं चाक लावून भोवऱ्याचा परिणाम जवळपास रद्द केला, ती चालली. दुसरीला पुढे फर्निचरला असतं तसं इंचभर चाक बसवलं! तिच्यावरही बसता आलं, पण वेगात ते चाक भयंकर तापे आणि अर्ध्या इंचाच्या उंचवट्यापुढे हात टेकी. मी तिच्याकडे आदराने बघतो. 1970 मध्ये "फिजिक्स टुडे"त त्याने हे लिहिलं. पुढे 1980 च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात जिम पापाडोपुलोस सायकलींवरचे जुने शोधनिबंध तपासून त्यांतल्या चुका काढत बसला. ते काम सहकाऱ्यांबरोबर समीकरणांसह नीट छापून यायला 2007 उजाडलं. 2011 मध्ये त्याच मंडळींनी भोवऱ्याचा परिणाम आणि ती मागची ओढ, दोन्ही काढून टाकलेली सायकल बनवली, आणि ती ढकलून दिली तर स्वतःचा तोल सांभाळत पुढे गेली. तात्पर्य, हँडलची चुळबुळ फार मनावर घेऊ नये. हाताला लवकरच तिची सवय होते.

घडीसाठी चाक लहानच का, याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धातल्या बीएसए एअरबोर्न सायकलीत आहे. पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांसाठी ती होती. मधोमध बिजागऱ्या आणि त्यांना हाताने आवळायचे नट. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात ही सायकल बघायला मिळते. चाकं मोठी असल्याने घडी घालूनही ती पसरलेलीच राहते. फ्रेम दुमडता येते, चाक दुमडत नाही. 1970 च्या दशकातल्या तेलटंचाईत अमेरिकेत लेसरवर काम करणाऱ्या डेव्हिड हॉन या भौतिकशास्त्रज्ञाने घडीच्या सायकलीचा ध्यास घेतला आणि 1982 मध्ये भावासोबत डॅहॉन कंपनी काढली. परवडणाऱ्या घडीच्या सायकलींचा आजचा बाजार बराचसा त्या वाटेने आला आहे.

जाहिरातीतली "दहा सेकंदांत घडी" सरावाने जमते. पहिल्यांदा चेनची बाजू बाहेर राहते आणि पँटला वंगण लागतं. वजनाचं कुणी मोठ्याने बोलत नाही. माझी 13 किलोच्या आसपास भरते. पुण्यात वनाझहून मेट्रोने जाताना डब्यात तिचा त्रास नाही, पण सरकता जिना बंद असेल तर हात भरून येतो. "विमानात वापरतात ते ॲल्युमिनियम" या शब्दांना भुलून हजार रुपयेही जास्त देऊ नयेत. विमानात नाना प्रकारचं ॲल्युमिनियम वापरतात.

पैसे द्यायचे ते बिजागरीचे. नेहमीच्या सायकलीची फ्रेम त्रिकोणांची, तिच्या नळ्या मुख्यतः ताणल्या किंवा दाबल्या जातात. घडीच्या सायकलीत एकच जाड दांडा, तोही मधे कापलेला. सगळा वाक आणि पीळ त्या सांध्यावर येतो. म्हणून दुकानात सायकल उघडून पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि हँडल मागेपुढे हलवावं. सांध्यात "टक्" वाजलं तर लीव्हरचा स्क्रू आवळून घ्यावा, तरीही वाजलं तर दुसरी सायकल मागावी. लीव्हर बंद करताना तळहाताला जोर लागला पाहिजे आणि त्याच्यावरची सुरक्षेची खिट्टी आपसूक बसली पाहिजे. सीटच्या दांड्यावर, सीट कुठवर वर घ्यायची ते सांगणारी आडवी रेघ कोरलेली असते. पत्रलेखक उंच असतील आणि सीट त्यांच्या मापाला वर घेतल्यावर ती रेघ बाहेर दिसत असेल, तर ते मॉडेल त्यांच्यासाठी नाही.