लाल काटेरी बोंडांचे झाड कोणते?

थंडीच्या दिवसांत सातारा-सांगलीकडे एखाद्या बंगल्याच्या आवारात बुटके झाड लाल, केसाळ बोंडांनी लगडलेले दिसते. "एरंडच हाय की," म्हणून माणसे पुढे जातात. बहुधा ती शेंदरी असते. पण बागेत शोभेसाठी लावलेल्या लाल एरंडाची बोंडेही तशीच काटेरी, आणि त्याची बी पोराने चावून खाल्ली तर जिवावर बेतते. म्हणून नुसता रंग पाहून ठरवू नये.

आधी पान बघा. शेंदरीचे पान पिंपळासारखे अखंड, टोकदार. एरंडाचे पंजासारखे फाटलेले. मग वाळके बोंड फोडा. शेंदरीच्या दोन फाका होतात, आत पुष्कळ बारीक बिया. बोटं शेंदरी रंगली की ओळख पटली! एरंडाच्या बोंडात कप्पे तीन, प्रत्येकात एकच गुळगुळीत, ठिपक्यांची बी.

नावाचा घोळ मात्र आहे. कोयना-महाबळेश्वरच्या रानातल्या कुंकूफळालाही शेंद्रीच म्हणतात. त्याचे फळ वाटाण्याएवढे, तीन कप्प्यांचे. लाल भुकटी फळाच्या सालीवर असते, बीवर नव्हे. पूर्वी तिने रेशीम रंगवत.

बागेतली शेंदरी मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. तिच्या बियांचा रंग लोण्यात, चीजमध्ये घालतात; खाद्यरंगांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा क्रमांक १६० ब. झाडाला नुसते शोभेचे म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

शाळा, अंगणवाडीच्या आवारात लाल एरंड असेल, तर ग्रामपंचायतीने तो बोंडे धरण्याआधीच काढावा. शेंदरी राहू द्यावी.