पाठीवर शिंग असलेला गेंडा

जिगसॉ पझलच्या ढिगात एक तुकडा हाती येतो. त्यावर एक छोटंसं पिळदार शिंग असतं. आता हे कुठे बसवायचं? गेंड्याच्या नाकावरचं मोठं शिंग तर मघाशीच जागेवर बसलं! तुकडा फिरवून बघायचा, उलटा धरून बघायचा, खाचा जुळतात का ते पाहायचं. आणि शेवटी तो टप्पकन बसतो कुठे, तर मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मधोमध.

खऱ्या गेंड्याला तिथे शिंग नसतं बरं का! पण आल्ब्रेख्त ड्यूररच्या गेंड्याला आहे.

ड्यूरर हा जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरातला मोठा चित्रकार. त्याने हा गेंडा 1515 साली काढला. आज जुन्या प्राणिचित्रांची जी पझल्स मिळतात, त्यांत हा गेंडा माझा सगळ्यात लाडका. कारण हा गेंडा आपल्याकडचा. तो गुजरातहून गोव्याला आला आणि गोव्याहून युरोपात गेला.

झालं असं, की गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला दीव बेटावर किल्ला बांधायचा होता. त्याने गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ल्याला परवानगी काही दिली नाही, पण भेटवस्तू दिल्या. त्यांत होता एक जिवंत गेंडा! एवढा मोठा पाहुणा गोव्यात ठेवून करायचं काय? अल्बुकर्कने तो आपल्या राजाकडे, पोर्तुगालच्या मानुएलकडे पाठवून दिला. जानेवारी 1515 मध्ये जहाज निघालं. आफ्रिकेला वळसा घालून, मधल्या बेटांवर थांबत थांबत, 20 मे रोजी ते लिस्बनला पोचलं. गेंड्याला सांभाळणारा ओसेम नावाचा माणूसही त्याच्याबरोबर होता. चार महिने हलत्या जहाजावर गेंड्याचं खाणंपिणं बघायचं, ही काय साधी गोष्ट आहे? मला तर या सगळ्या गोष्टीतला खरा शूर माणूस तोच वाटतो.

रोमन लोकांच्या काळानंतर युरोपात कुणी जिवंत गेंडा पाहिलेलाच नव्हता. त्यामुळे लिस्बनमध्ये एकच गर्दी उसळली. गेंडा आणि हत्ती एकमेकांचे वैरी असतात, असं जुन्या ग्रंथांत लिहिलेलं होतं. ते खरं की खोटं हे बघायला राजाने दोघांना समोरासमोर आणलं. हत्तीने पळ काढला!

ही बातमी पत्रातून न्यूरेंबर्गला पोचली. सोबत एक कच्चं रेखाचित्रही होतं. ड्यूररच्या हातात होतं ते एवढंच. गेंडा त्याने स्वतः पाहिला नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही. विचार करा, त्याच्यापुढेही एक पझलच होतं, आणि त्यातले कितीतरी तुकडे गायब! मग ते त्याने स्वतःच्या मनाने घडवले. अंगावर जाड कवच आहे असं कळलं, म्हणून त्याने पत्रे ठोकल्यासारखं चिलखत काढलं. पायांवर खवले काढले. आणि पाठीवर ते जास्तीचं शिंग.

हे चित्र रंगांनी रंगवलेलं नाही. ते लाकडी ठशावरून छापलेलं आहे. ज्या रेषा कागदावर उमटायला हव्यात तेवढ्या लाकडावर उंच ठेवायच्या आणि बाकीचं लाकूड कोरून काढायचं. मग शाई लावून कागद दाबायचा. एका ठशावरून पुष्कळ छाप निघतात, म्हणून हा गेंडा बघता बघता युरोपभर पसरला. गेस्नर नावाच्या स्विस विद्वानाने 1551 साली प्राण्यांचा मोठा ग्रंथ छापायला घेतला, त्यातही हाच गेंडा आहे, पाठीवरच्या शिंगासकट!

पण ड्यूरर सगळीकडे चुकला असं मुळीच नाही. भारतीय गेंड्याच्या कातडीला मान, खांदे आणि मागच्या पायांपाशी खरोखरच मोठाल्या घड्या असतात. दुरून ते चिलखतच वाटतं. त्या घड्यांच्या आतली त्वचा मात्र मऊ आणि गुलाबीसर असते. खांद्यांवर आणि मांड्यांवर फोडांसारखे उंचवटे असतात, ते कुणी ‘खवले’ म्हणून सांगितले तर नवल नाही. आणि नाकावरचं शिंग? त्यात हाड नसतं. आपली नखं ज्या केरॅटिनची असतात, त्याचंच ते बनलेलं असतं.

त्या खऱ्या गेंड्याचं पुढे काय झालं, हे सांगताना मला फार वाईट वाटतं. राजाने तो रोमला पोपकडे भेट म्हणून पाठवला. 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात बुडालं. गेंडे उत्तम पोहतात. पण याला जहाजावर साखळदंडाने जखडलेलं होतं.

युरोपातल्या लोकांना चित्रातली चूक कळायला सव्वादोनशे वर्षं जावी लागली. 1741 साली क्लारा नावाची गेंडीण भारतातून हॉलंडला पोचली आणि गावोगाव फिरली. औद्री या फ्रेंच चित्रकाराने 1749 साली तिला समोर पाहून तिचं खऱ्या आकाराएवढं प्रचंड चित्र काढलं. तिच्या पाठीवर शिंग नव्हतं!

पझल लावताना आपण एकेका रेषेपाशी थांबतो. नुसतं चित्र पाहताना इतकं कोण थांबतं? म्हणून ड्यूररचा गेंडा लावायला घ्याल तेव्हा काझीरंगातल्या गेंड्याचा एखादा फोटो शेजारी ठेवा आणि एकेक अवयव ताडून बघा. सुरुवात पायांपासून करा. प्रत्येक पायाला बोटं किती? दोन्हीकडे तीनच. ती ड्यूररने न पाहताही बरोबर काढली आहेत!