नौकानांगरांचा किरकोळ व्यापार

नौकानांगरांचा किरकोळ व्यापार म्हणजे शिडाच्या नौका, यंत्रनौका व लहान मासेमारी होड्या यांसाठी लागणारे नांगर, साखळ्या, दोर, शॅकल आणि तत्सम सामग्रीची ग्राहकाला थेट होणारी विक्री होय. मोठ्या जहाजांचे नांगर वर्गीकरण संस्थांच्या नियमांनुसार निवडले व तपासले जातात. लहान नौकेच्या मालकाला मात्र ही निवड बहुधा दुकानातच करावी लागते, आणि ती चुकल्यास नौका वाऱ्यात घसरत किनाऱ्यावर आदळू शकते.

कायदा

ब्रिटिश संसदेने १८६४ साली साखळ्या व नांगर यांच्या चाचणीचा आणि विक्रीचा कायदा केला. चाचणी न झालेला माल जहाजांसाठी विकण्यास त्याने बंदी घातली. १८९९ च्या एकत्रित कायद्यात ही सक्ती १६८ पौंडांहून (सुमारे ७६ किलोग्रॅम) जड नांगरांना लागू होती. दहा-पंधरा किलोग्रॅमचा नांगर बाळगणाऱ्या नौका अर्थातच तिच्या बाहेर राहिल्या.

नांगरांचे प्रकार

आडवी दांडी व दोन फाळ असलेला पारंपरिक नांगर खडकाळ तळावर उपयोगी पडतो, पण तो जड व ठेवण्यास गैरसोयीचा असतो. द्रवगतिकीतील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले आणि स्वतः नौकाविहार करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री इंग्रॅम टेलर यांनी १९३३ साली शेतीच्या नांगराच्या फाळासारखा 'सीक्यूआर' नांगर तयार केला. शेतीचे अवजार व नौकेचे साधन या दोहोंना मराठीत एकच शब्द असल्याने हे साम्य येथे वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिकेतील रिचर्ड डॅनफोर्थ यांचा सपाट फाळांचा हलका नांगर दुसऱ्या महायुद्धात सैन्य उतरवणाऱ्या नौकांवर वापरला गेला. वाळू व चिखलात तो उत्तम धरतो, मात्र ओढीची दिशा बदलल्यास सुटू शकतो. १९७० च्या दशकात पीटर ब्रूस यांचा पंजाच्या आकाराचा नांगर आला. फ्रान्समधील 'स्पेड' व न्यूझीलंडमधील 'रोक्ना' हे त्यानंतरच्या पिढीतील होत.

एकस्वाची मुदत संपली की नकला बाजारात येतात. मूळ सीक्यूआर घडीव पोलादाचा असे. दिसायला तसाच नांगर साध्या ओतकामाचाही मिळतो. आकार सारखा असला तरी दांड्याच्या पोलादाची प्रत डोळ्यांना दिसत नाही, आणि बाजूने ओढ बसल्यावर वाकतो तो दांडाच. उत्पादकांचे धारणशक्तीचे आकडेही एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, कारण चाचणीचा तळ निराळा असतो. नौकेच्या लांबीवरून वजन सुचवणारे तक्ते दुकानात लावलेले असतात. परंतु वाऱ्याला सामोरा जाणारा नौकेचा उंच भाग त्यांत बहुधा मोजलेला नसतो.

साखळी आणि दोर

साखळी मीटरवर विकली जाते. ८ मिलिमीटर जाडीच्या साखळीचे वजन मीटरला सुमारे १.४ किलोग्रॅम भरते. खरेदीतील नेहमीची फसगत साखळी ओढणाऱ्या चाकाशी ती न जुळण्याची आहे. १० मिलिमीटर साखळीत जर्मन 'डीआयएन ७६६' मानकाप्रमाणे कडीची आतील लांबी २८ मिलिमीटर असते, तर 'आयएसओ ४५६५' प्रमाणे ३० मिलिमीटर. दोन्हींची जाडी एकच असल्याने नजरेला फरक जाणवत नाही, पण चाकावर साखळी घसरते किंवा अडकते. जाणता विक्रेता म्हणूनच आधी चाकाचा प्रकार विचारतो.

दोर नायलॉनचा घ्यावा, कारण तो ताणला जाऊन झटके शोषतो. पॉलिप्रोपिलीनचा दोर स्वस्त असला तरी पाण्यावर तरंगतो व इतर नौकांच्या पंख्यांत अडकतो. शॅकलची खीळ तारेने बांधून ठेवावी लागते. ही तार काही रुपयांची असते आणि दुकानदारही तिची आठवण क्वचितच करून देतात.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर

द्वारका, बेट द्वारका व विजयदुर्ग येथील समुद्रात जुने दगडी नांगर सापडले आहेत. आज मुंबईसारख्या बंदरात साखळीची लांबी ठरवताना भरतीचा हिशेब निर्णायक ठरतो, कारण उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक असतो. ओहोटीला पाणी ५ मीटर आणि नौकेची नाळ पाण्याच्या वर १ मीटर असल्यास, उंचीच्या पाचपट या प्रमाणाने ३० मीटर साखळी पुरेशी वाटते. भरतीला तीच उंची १० मीटर होते. तेव्हा ५० मीटर साखळी लागते, आणि विकत घेतलेली ३० मीटर केवळ तिप्पट उरते.