बेरिकचा चढता पूल

ट्वीड नदी समुद्राला मिळते तिथे, स्कॉटलंडच्या हद्दीजवळ पण इंग्लंडातच, उत्तर काठावर बेरिक हे जुने तटबंदीचे गाव आहे आणि दक्षिण काठावर त्याचे उपनगर ट्वीडमथ. दोन्ही काठांना जोडणारे तीन पूल जवळजवळ उभे आहेत. पर्यटक फोटो काढतात ते १६२४ साली पुऱ्या झालेल्या दगडी पुलाचे आणि रॉबर्ट स्टीफन्सनच्या २८ कमानींच्या रेल्वे पुलाचे. मधला काँक्रीटचा 'रॉयल ट्वीड ब्रिज' मात्र दुर्लक्षित राहतो. माझ्या मते तिघांत सर्वांत विचारपूर्वक बांधलेला पूल तोच.

दगडी पूल रुंदीला जेमतेम १७ फूट आणि लंडन-एडिंबरो हमरस्ता त्याच्यावरून जाणारा. मोटारींचा जमाना आल्यावर हे निभणे शक्यच नव्हते. १९२५ साली नव्या पुलाचे काम सुरू झाले आणि १६ मे १९२८ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तो खुला झाला. आराखडा मुशेल कंपनीचा. फ्रान्समधल्या एनबीक यांची सळईच्या काँक्रीटची पद्धत ब्रिटनमध्ये रुजवली ती याच कंपनीने.

खरी अडचण होती काठांची. ट्वीडमथची बाजू सखल, बेरिकची उंच. जुना पूल बेरिकला खाली नदीकाठीच उतरतो. नव्या रस्त्याला थेट वरच्या बाजारपेठेत पोचायचे होते. म्हणून पूलच चढता बांधला. त्याचे चार गाळे १६७, २४८, २८५ आणि ३६१ फुटांचे, रस्ता वर चढेल तसे मोठे होत गेलेले. शेवटची कमान त्या वेळी ब्रिटनमधली सर्वांत लांब काँक्रीट कमान होती.

असमान कमानी दिसायला बेढब वाटतात, आणि अभियंत्यालाही त्या नकोशाच असतात. कमान दोन्ही टोकांना बाहेर रेटते. शेजारच्या कमानी सारख्या असल्या की मधल्या खांबावर दोन्हीकडचा रेटा एकमेकांना तोलतो. एक मोठी, एक लहान असली की खांब लहान कमानीकडे ढकलला जातो. पण गाळा तेवढाच ठेवून कमान जास्त उंच केली, तर तिचा आडवा रेटा कमी होतो. चढत्या रस्त्याखाली ही उंची आपसूक मिळत जाते. सर्वांत रुंद गाळा सर्वांत उंच ठिकाणी आहे, हे म्हणूनच फार समंजस वाटते. कमानीवर भरीव भिंतही नाही. ओळीने उभे सडपातळ खांब रस्ता तोलतात आणि त्यांच्यामधून पलीकडचे आकाश दिसते. वजन कमी, म्हणून रेटाही कमी.

१९८० च्या दशकात गावाबाहेरून वळणरस्ता झाला आणि लांब पल्ल्याची वाहने तिकडे गेली. गाव आणि उपनगर यांच्यामधली रोजची ये-जा अजून याच पुलावरून चालते.

लंडनहून एडिंबरोला रेल्वेने जाणार असाल तर उजवीकडची खिडकी धरा. बेरिक स्टेशनच्या अगदी आधी गाडी नदी ओलांडते, तेव्हा चारही कमानी एका नजरेत येतात.