लसीकरणाची सरासरी आणि राहून गेलेली मुलं



हंगाम संपला की सरासरी एकरी टनेजचा आकडा निघतो. समजा तो ४० टन आला. आकडा वाचून आपण समाधानानं मान डोलावतो. पण ज्याची जमीन चारीच्या शेपटाला आहे, ज्याची पाण्याची पाळी दर खेपेला चुकते, त्याचा ऊस २२ टनांवरच अडकलेला असतो. सरासरी खोटी नसते, पण त्या सभासदाचं दुखणं तीत दिसत नाही. म्हणून शेतकी खात्याला उपाय करायचा झाला तर गटवार, चारीवार आकडे काढावे लागतात.

शहरातल्या लहान मुलांच्या लसीकरणाचंही असंच आहे. हा हिशेब शहराचा असला तरी तो आपल्या उसाच्या फडापर्यंत येऊन पोचतो. म्हणून तो नीट समजून घेऊ.

मुंबईत काय घडलं?

२०२२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईच्या गोवंडी भागात गोवराची साथ उसळली. एकाच घरातली तीन लहान मुलं दोन दिवसांच्या आत दगावली आणि सर्वांचे डोळे उघडले. त्याच सुमारास भिवंडी आणि मालेगाव इथंही गोवर पसरला. मुंबईसारखं शहर, जिथं मोठमोठी इस्पितळं आणि नामांकित डॉक्टर. तिथं ही पाळी का यावी? तर साथ साऱ्या शहरात सारखी नव्हती. देवनारच्या कचराडेपोलगत, गोवंडी-मानखुर्दच्या दाट झोपडपट्ट्यांत तिचा जोर होता. आणि आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुलं पुष्कळ होती.

गोवर हा भलताच झपाट्यानं पसरणारा रोग. लस नसलेल्या लोकांत एक रोगी १२ ते १८ जणांना तो देऊ शकतो. त्याला रोखायचं तर १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस मिळालेले हवेत. पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. एका डोसवर भागत नाही, कारण नवव्या महिन्यात दिलेला एक डोस १०० पैकी साधारण ८५ मुलांनाच पक्कं संरक्षण देतो.

एक्क्याण्णव टक्क्यांची गंमत

आता एक साधं गणित करू. समजा एका शहरात लस द्यायच्या वयाची १०,००० मुलं आहेत. पैकी ९,००० मुलं बऱ्या वस्तीत राहतात, तिथं ९६ टक्के लसीकरण झालं. म्हणजे ८,६४० मुलं. उरलेली १,००० मुलं एका झोपडपट्टीत, तिथं झालं फक्त ५० टक्के. म्हणजे ५०० मुलं. एकूण झाली ९,१४०. टक्केवारी ९१.४. कागदावर आकडा छान दिसतो.

पण राहिलेली मुलं कुठं आहेत ते बघा. बऱ्या वस्तीत ३६० मुलं राहिली, ती ९,००० मध्ये विखुरलेली. झोपडपट्टीत ५०० राहिली, ती एकाच ठिकाणी, भिंतीला भिंत लागून. वाळलेल्या पाचटाची एखादी काडी हिरव्या रानात पडली तर पेट घेत नाही, पण पाचटाचा ढीग एका ठिणगीनं पेटतो. साथीचंही तसंच. म्हणून शहराचा एकच आकडा पुरत नाही. वॉर्डवार, वस्तीवार आकडे हवेत. मुलगा-मुलगी, आईचं शिक्षण, कायम राहणारे आणि कामासाठी आलेले, असे गटवार आकडेही हवेत.

मोजायचं कसं?

मोजण्याच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली नोंदवहीची. आरोग्य केंद्रात किती डोस दिले याची नोंद असते, आणि त्याला भागायचं त्या भागातल्या एकूण मुलांच्या संख्येनं. गोची होते ती इथंच. डोस मोजता येतात, पण मुलं किती हा आकडा पुष्कळदा जुन्या जनगणनेवरून अंदाजानं धरलेला असतो. नवी झोपडपट्टी उठली, बांधकामावर मजूर आले, तर ती मुलं यादीतच नसतात. जे यादीत नाही, ते राहिलं असंही कुणाला कळत नाही.

दुसरी वाट घरोघर पाहणीची. जागतिक आरोग्य संघटनेची एक जुनी पद्धत अशी की, शहरात ३० ठिकाणं निवडायची आणि प्रत्येक ठिकाणी ७ मुलांची कार्डं बघायची. एकूण २१० मुलं झाली. एवढ्यावर साऱ्या शहराचा अंदाज येतो, पण एका वस्तीचा येत नाही; ७ मुलांवरून तिचा निवाडा कसा करणार? एखाद्या गटाचा आकडा हवा असेल तर त्या गटात वेगळी आणि पुरेशी पाहणी करावी लागते. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई व नागपूर धरून आठ शहरांत झोपडपट्टीचे आणि बाकीच्या वस्तीचे आकडे निरनिराळे काढले होते, ते याचसाठी.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. एकही डोस न मिळालेलं मूल वेगळं आणि पहिला घेऊन दुसऱ्याला न आलेलं मूल वेगळं. पहिल्यापर्यंत आपण पोचलोच नाही. दुसऱ्याची आई एकदा केंद्रात आली होती, पुढं काही तरी आडवं आलं. रोज बुडाला असेल, सुई टोचल्यावर ताप आल्यानं घरची माणसं घाबरली असतील, किंवा बिऱ्हाडच हललं असेल. दुखणं वेगळं, म्हणून औषधही वेगळं. गटवार आकडे काढायचे ते कुणाच्या जातीधर्माला नावं ठेवायला नव्हेत. परिचारिका कुठं आणि कोणत्या वेळेला पाठवायची, हे ठरवायला.

हे होत नाही असं नाही. पोलिओच्या वेळी घराच्या दारावर खडूनं खूण करत आणि पोराच्या डाव्या करंगळीला शाई लावत, हे आपण सर्वांनी पाहिलंय. राहिलेल्या घरावर वेगळी खूण असे आणि माणसं तिथं परत जात. वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्यांचे तळ यांच्या वेगळ्या याद्या केल्या. देशातला शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला.

फडातली मुलं

आता आपल्या दाराशी येऊ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि कोपीत त्यांची लहान मुलंही असतात. फेब्रुवारीत जन्मलेलं मूल नोव्हेंबरात ९ महिन्यांचं होतं; म्हणजे त्याच्या पहिल्या डोसची वेळ ऐन हंगामात येते. जुलैत जन्मलेल्याचा दुसरा डोस पुढल्या वर्षीच्या नोव्हेंबरात सुरू होतो; तोही हंगामातच. गावाकडच्या यादीत नाव आहे पण मूल तिथं नाही. इथं मूल आहे पण नाव यादीत नाही. दोन्हीकडच्या सरासरीत ते सापडत नाही. आई पहाटे कोयता घेऊन फडात जाते. केंद्र उघडं असतं तेव्हा ती मोळ्या बांधत असते.

आपण काय करावं?

टोळीची नोंद करताना कोयते आणि गाड्या लिहितोच. त्याच वहीत ५ वर्षांखालील मुलांची नावं, जन्ममहिना आणि ‘कार्ड आहे का’ एवढे तीन रकाने वाढवले तर काम होतं. चिटबॉय नि मुकादम हे सहज करू शकतील. ती यादी प्राथमिक आरोग्य केंद्राकडं द्यावी आणि लसीकरण संध्याकाळी तळावरच व्हावं असा आग्रह धरावा. सरकारी केंद्रात ही लस फुकट आहे. मूल परगावचं म्हणून किंवा कार्ड हरवलं म्हणून परत पाठवण्याचं कारण नाही. गोवराचा डोस चुकला तरी ५ वर्षं वयापर्यंत देता येतो. टोळी परत निघताना कार्ड आईच्या हाती आहे ना, एवढं बघावं.

आणि ज्या सभासदाच्या रानात टोळी उतरली असेल, त्यानं कोपीशी जाऊन एकदा विचारावं, “बाई, पोराला सुई दिलीय का?” आपल्या नातवंडांना लस मिळाली म्हणून आपण निर्धास्त असतो. पण आपल्या घरात नऊ महिने न भरलेलं तान्हं असलं, तर त्यालाही गोवराची लस अजून मिळालेली नसते. त्याची राखण कोपीतल्या पोराच्या लसीवर अवलंबून आहे.